फौजदारबाईंच्या होल्स्टरचं अस्तर

बाईच्या कमरेचं माप कोणी घ्यायचं, या प्रश्नावरून मी या धंद्यात आले. पेणच्या बाजारात आमचं चामड्याचं दुकान. आम्ही चर्मकार, सासऱ्यांच्या वेळेपासून चपला, पट्टे, बॅगांची दुरुस्ती आणि जोडीला पोलिसांच्या होल्स्टरची किरकोळ कामं. होल्स्टर म्हणजे कमरेच्या पट्ट्यात अडकवलेलं पिस्तुलाचं चामडी घर. मी आतल्या खोलीत बसून चपलांचे अंगठे शिवायची. गिऱ्हाइकासमोर यायची पद्धत नव्हती.

एके दिवशी दुपारी खाकी पँट-शर्टातल्या एक बाई दुकानाची पायरी चढून आल्या. उजव्या कमरेला रिव्हॉल्व्हर, सगळ्या बाजाराला दिसेल असं. त्यांच्या मागोमाग भाजीवाल्या, मासळीवाल्या मिळून दहा-बारा बायका पायरीखाली गोळा झालेल्या. त्यातली एक मोठ्यानेच विचारत होती, "खरा हाय का गो त्यो?" बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. आमच्या ह्यांना म्हणाल्या, "मालक, हे कमरेला बसत नाही. माप घेऊन नीट करून द्या." ह्यांनी टेप उचलला, बाईंकडे पाहिलं, टेप खाली ठेवला आणि आत तोंड करून हाक मारली, "इंदू, जरा भायेर ये गो."

त्या बाई म्हणजे फौजदार देसलेबाई. मूळच्या खानदेशातल्या, नेमणूक रोह्याच्या बाजूला, वय असेल सव्वीस-सत्तावीस. कमरेला हत्यार लावून उजळ माथ्याने फिरणारी बाई आमच्या भागात तोवर कोणी पाहिली नव्हती. मी टेप लावायला गेले आणि त्या एकदम आखडल्या. आतल्या खोलीत नेऊन विचारलं तेव्हा शर्टाची कड वर करून दाखवली. बरगडीखाली रिव्हॉल्व्हरच्या मुठीने काळानिळा डाग पडला होता आणि खाली कमरेच्या हाडावरची कातडी सोलवटलेली.

"एवढं दुखतं, तर साहेबांना का नाय सांगत?" मी विचारलं.

"सांगितलं की म्हणतील, मग बाईने हत्यार लावूच नये." त्यांनी शर्ट खाली केला. "मावशी, तुम्ही काम करा, कुठे बोलू नका. सुटलेला टाका घालून घ्यायला हरकत नसते. पण सरकारी होल्स्टरचा आकार बदलायचा तर वरची परवानगी लागते. कळलं तर माझ्यावर कागद येईल."

ज्यांनी होल्स्टर जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी इथे थोडं सांगते. लोकांना वाटतं ती एक पिशवी. पण पिशवीत वस्तू पडून राहते आणि होल्स्टरला ती धरून ठेवावी लागते. रिव्हॉल्व्हरचा चाप, म्हणजे बोटाने ओढायचा भाग, पुरता झाकला गेला पाहिजे. तिथे बोटच काय, दोरासुद्धा शिरता कामा नये. तोंड कडक हवं, हत्यार बाहेर काढल्यावरही उघडंच राहील असं, नाहीतर परत घालताना कड आत दुमडते आणि चापावर दाबली जाते. हत्यार काढताना माणूस सावध असतो. घालताना त्याच्या मते काम संपलेलं असतं, आणि घोळ तेव्हाच होतो. म्हणून घालताना अंगठा घोड्यावर ठेवायचा. घोडा म्हणजे मागचा छोट्या हातोडीसारखा भाग, तो उठून आपटला की गोळी सुटते. आत काही अडकून चाप दाबला जाऊ लागला तर आधी घोडा उठतो आणि ते अंगठ्याला कळतं. हे मला ह्यांनी शिकवलं आणि मी पुढे प्रत्येक गिऱ्हाइकाला शिकवलं, त्याला ऐकायचं असो वा नसो.

सरकारी होल्स्टर पुरुषाच्या कमरेसाठी कापलेलं. पुरुषाची कमर वरून खाली सरळ जाते. बाईची वर बारीक आणि खाली रुंद, त्यामुळे नळी बाहेर ढकलली जाते आणि मूठ बरगडीत घुसते. जीपमध्ये बसलं की आणखीनच. मी पट्टा अडकवायची वादी खाली उतरवली आणि मागच्या बाजूला चामड्याची पाचर दिली, म्हणजे मूठ बाहेर झुकेल. दुरुस्तीसाठी खरं रिव्हॉल्व्हर दुकानात ठेवून घेता येत नाही, तो गुन्हा. आणि त्याच्याशिवाय चामडं बसवायचं कशावर? हा पेच पेणात सुटला, दुसरीकडे सुटला नसता. माझी मैत्रीण गणपतीच्या कारखान्यात काम करायची. बाईंनी गोळ्या काढून मुठीत घेतल्या, रिव्हॉल्व्हरला प्लॅस्टिक गुंडाळलं, मैत्रिणीने शाडूत त्याचा साचा उठवला आणि त्यात प्लास्टर ओतून मला हुबेहूब रिव्हॉल्व्हर करून दिलं. ते आठवडाभर कारखान्यात उंदरांच्या रांगेत वाळत पडलं होतं. ओलं चामडं त्याच्यावर बसवून मी जे होल्स्टर तयार केलं त्याचा मला आजही अभिमान आहे. महिन्याभराने बाई आल्या तेव्हा बरगडीवरचा डाग गेला होता.

तेवढ्यावर थांबले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

बाईंची दुसरी अडचण देवळांची होती. यात्रेच्या बंदोबस्तात बायकांच्या रांगेबरोबर पार गाभाऱ्यापर्यंत जावं लागे. आपल्याकडच्या कितीतरी देवळांत चामडं आत नेत नाहीत. पट्टा, पाकीट सगळं बाहेर. पण भरलेलं हत्यार दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही असा बाईंचा नेम, आणि तो बरोबर होता. मग त्या पट्टा-होल्स्टर दारातल्या पोलिसाकडे ठेवत आणि रिव्हॉल्व्हर हातात धरून आत जात. लोखंड देवाला चालतं, दसऱ्याला आपण त्याची पूजाच करतो. चामडं मात्र चपलांशेजारी. यावर मला काय वाटतं ते लिहिलं तर संपादक छापतील की नाही कोण जाणे, म्हणून पुढे जाते.

"बाहेर आल्यावर गर्दीत घाईने परत घालावं लागतं आणि ते कडक तोंडात अडतं," बाई म्हणाल्या. "मावशी, आतून काही गुळगुळीत लावता येईल?"

मला जमतं का, असा तो प्रश्न होता आणि मला तोवर सगळंच जमत होतं. शेळीचं पातळ कातडं घेतलं, सोल्युशनने आतून चिकटवलं. रिव्हॉल्व्हर लोण्यात सुरी जावी तसं आत जाऊ लागलं. ह्यांनी ते बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, "आपली हवा दमट. अस्तर सुटंल. चारी बाजूंनी शिवून घे." शिवलं तर तोंडाशी टाक्यांचा उंचवटा येतो, गुळगुळीतपणा जातो. मी म्हटलं, "तुमी चपलांचा बघा." तो पावसाळ्याच्या तोंडचा आठवडा होता.

त्याच आठवड्यात, त्याच कातड्याच्या उरलेल्या तुकड्याचं अस्तर मी आणखी एका होल्स्टरला लावलं. ते नर्मदाबाईंचं. नर्मदाबाई खाडीकाठच्या मिठागराच्या मालकीण, नवऱ्यामागे मिठागर एकट्या सांभाळणाऱ्या. परवाना काढून घेतलेलं रिव्हॉल्व्हर होतं आणि ते त्या मिठागरावर उघड कमरेला लावत, साडीवर पुरुषी शर्ट आणि शर्टावर पट्टा. पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा बोलता बोलता त्यांनी पदर उचलला आणि सवयीने कमरेला खोचला, तो थेट होल्स्टरच्या तोंडात. मी ओरडले. त्या म्हणाल्या, "हात धुयाला गेलू तरी पदर खोचते मी, लहानपनापासून. आता काय पदर कापून टाकू?" बाईमाणसाला कमरेला काही ना काही खोचायची सवय असते, पदर, रुमाल, किल्ल्या. ती घालवायला मला त्यांच्याशी चार वेळा भांडावं लागलं. शेवटी त्यांच्या होल्स्टरला मी वरून झाकण दिलं.

पावसाळा गेला, दिवाळीही झाली. एका सकाळी मी दुकान उघडून बसते तोच नर्मदाबाई आल्या आणि रिकामं होल्स्टर माझ्या पुढ्यात टाकलं.

"यो बघ तुजा काम. रातची गोळ्या काढून पुसायला घेतला, परत घालताना आत कायतरी वळवळला. हात घालून बघ."

मी बोट घातलं. अस्तर वरच्या कडेपासून दोन बोटं सुटलं होतं. पावसाळ्यात ओल धरून सोल्युशन सुटलं आणि ऊन पडल्यावर कातडं वाळून आत वळलं. काढताना ते कळत नाही, कारण रिव्हॉल्व्हर बाहेर येताना त्याला सपाट करत येतं. घालताना मात्र सुटलेल्या अस्तराची ती जीभ खाली दुमडली जाते आणि सरळ चापाभोवतीच्या कडीत शिरते. मी प्लास्टरचं रिव्हॉल्व्हर आणून हळूच आत सारलं. जीभ अगदी चापावर जाऊन बसली.

नर्मदाबाई काहीतरी बोलत होत्या. मला ऐकू येईना. त्यांच्या होल्स्टरला झाकण होतं, त्या रिव्हॉल्व्हर दिवसातून एकदा घालत आणि एकदा काढत. देसलेबाईंच्या होल्स्टरला झाकण नव्हतं, म्हणजे तेच अस्तर त्यात जास्तच भिजलं असणार, आणि रोह्याजवळच्या एका गावात त्या दिवशी यात्रा होती. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बाई तिथे बंदोबस्ताला असणार हे त्यांनीच मला सांगितलं होतं. दुपारी बारा वाजता पालखी निघते, त्याआधी बायकांची रांग गाभाऱ्यातून बाहेर काढायची. म्हणजे बाराच्या सुमाराला त्या बाहेर येणार आणि रिव्हॉल्व्हर परत घालणार.

समोरच्या बूथवर जाऊन बाईंच्या पोलीस ठाण्यात फोन लावला. कोणीतरी उचलला. "देसलेबाई बंदोबस्ताला गेल्यात. काय निरोप?"

आता मी काय सांगायला हवं होतं ते कुणालाही कळेल. वायरलेसवरून बाईंना कळवा, रिव्हॉल्व्हर होल्स्टरात घालू नका. एवढंच वाक्य. पण पुढचा प्रश्न आला असता, तुम्ही कोण, तुम्हाला काय माहीत. मग परवानगीशिवाय केलेलं काम बाहेर पडलं असतं, बाईंवर कागद आला असता आणि आमच्या दुकानाचं नाव गेलं असतं. या तिन्हीत शेवटची गोष्ट मला आधी सुचली. मी म्हटलं, "काय नाय, मग करते," आणि फोन ठेवला. पिशवीत रापी, म्हणजे आमची चामडं कापायची पाती, आणि टोचायची आरी टाकली आणि स्टँडवर पळाले. ह्यांना एवढंच सांगितलं, "अस्तर सुटलं." गल्ल्यातून गाडीभाडं काढून हातावर ठेवलं. त्यांनी मला त्या दिवशी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रोहा गाडी साडेनवाला होती. ती सुटायला पंधरा मिनिटं लागली. नागोठण्याला कंपनीची शिफ्ट सुटलेली, चढायला झुंबड. कंडक्टरला मी दोनदा म्हटलं, लवकर घ्या हो. तो म्हणाला, "मावशे, गाडी माज्या बापाची नाय आनि तुज्या पन नाय." मी खिडकीशी बसून मनात तेच तेच चित्र पाहत होते. नळीचं तोंड कुठे असतं ते मलाच माहीत होतं, माप मीच घेतलं होतं. गोळी सुटली तर बाईंच्या मांडीतून पोटरीत जाईल, आणि शेजारी रांगेत मूल कडेवर घेतलेली कोणी उभी असेल तर तिच्या पायात. आणि बाईंच्या नोकरीचं म्हणाल तर ती तिथेच संपली.

रोह्याला उतरले तेव्हा अकरा वाजून गेले होते. पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात आले. यात्रेकडे जाणाऱ्या मिनीडोअर, म्हणजे आमच्याकडच्या मोठ्या रिक्षा, माणसं लोंबकळत चाललेल्या. एका ड्रायव्हरला हात केला तर म्हणाला, जागा नाय. मी पुढच्या दांड्याला धरून त्याच्या शेजारी अर्धी बसले आणि म्हटलं, आता ढकलून दे. त्याने ढकललं नाही.

देवळाच्या पटांगणात शिरले तेव्हा ढोल सुरू झाले होते. पालखी अजून आत. दाराच्या डाव्या अंगाला चपलांचा ढीग आणि त्याच्याजवळ एक पोलीस उभा, त्याच्या दंडावर पट्टा लटकवलेला. पट्ट्याला माझं होल्स्टर, रिकामं. माझा जीव भांड्यात पडला. वेळेत आले होते. दोन पावलं टाकली, हात पुढे केला.

"ए बाई, हात लावू नको. सरकारी आहे."

"भाऊ, टाका सुटलाय, मी दुरुस्तीवाली."

"दुरुस्ती यात्रेत करतेस? हो बाजूला."

तेवढ्यात पटांगणाच्या दुसऱ्या टोकाला आरडाओरडा झाला. पालखीला खांदा कुणी द्यायचा यावरून दोन आळ्यांची पोरं एकमेकांच्या अंगावर गेली. देसलेबाई दारातून जवळजवळ धावतच बाहेर आल्या. उजव्या हातात रिव्हॉल्व्हर, नळी जमिनीकडे. पोलिसाच्या दंडावरचा पट्टा डाव्या हाताने ओढला, कमरेभोवती टाकला, बक्कल लावलं. त्यांचं सगळं लक्ष त्या भांडणाकडे. मी त्यांच्यापासून सात-आठ हातांवर, मधे बायकांची रांग. ढोलांत लांब वाक्य ऐकू गेलं नसतं. मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "बाई, अंगठा!"

त्यांनी रिव्हॉल्व्हर आत सारलं. अंगठा घोड्यावर होता. माझं ऐकून ठेवला की सवयीने, मला आजही माहीत नाही. रिव्हॉल्व्हर निम्मं आत गेलं आणि त्यांचा चेहरा बदलला. घोडा उठला होता. हात तिथेच थांबला. मग त्यांनी जे केलं ते फार थोड्यांना सुचलं असतं. अंगठा वरून काढून घोड्याच्या खाली, घोडा जिथे आपटतो त्या फटीत सारला. घोडा पडला तर अंगठ्यावर पडेल, गोळीवर नाही.

मी रांग तोडून त्यांच्याजवळ पोचले. त्यांनी मला ओळखलं आणि ओठ न हलवता म्हणाल्या, "आत काय आहे?"

"अस्तर सुटलंय. चापात गेलंय. वर ओढू नका, खाली पण नको."

"लोकांना कळू देऊ नका. पळापळ झाली तर चेंगरतील."

मी गुडघ्यांवर बसले. चपलांच्या ढिगाजवळ जमिनीवर बसलेल्या चांभारणीकडे कोण बघतं? कोणी बघितलं नाही. आयुष्यात एवढ्या एकदाच मला त्याचा उपयोग झाला. बाईंनी डाव्या हाताने त्या पोलिसाला भांडणाकडे पिटाळलं आणि स्वतः रांगेवर नजर ठेवून उभ्या राहिल्या. मी नळीच्या तोंडापासून बाजूला सरकले आणि रापी काढली.

होल्स्टरची मुख्य शिवण पुढच्या कडेने वरून खाली जाते. ती उसवली की चामडं पुस्तकासारखं उघडतं आणि आतलं अस्तर हाती लागतं. पण ती शिवण माझी होती. मेण लावलेला दुहेरी दोरा, दोन सुयांनी दोन्ही बाजूंनी ओढलेला. एक टाका तुटला तरी पुढचा सुटत नाही, अशी शिवण घालते म्हणून मी बढाया मारत असे. आता एकेक टाका वेगळा कापावा लागत होता. रापी टाक्याखाली सरकवायची, धार बाहेर ठेवायची, झटका द्यायचा नाही. झटका बसला तर चाप हलणार. पहिले पाच-सहा टाके गेले. वर बाईंचा श्वास मला ऐकू येत होता.

"मावशी, किती?"

"अर्धे झाले."

अर्धे झाले नव्हते. घोडा अंगठ्यात रुतला होता, नखाच्या मुळाशी कातडी फाटली होती आणि रक्त मनगटाकडे ओघळत होतं. त्यांनी दुसरा हात कोपराखाली देऊन तो हात धरून ठेवला होता. रांगेतली एक म्हातारी वाकून म्हणाली, "काय झाला गो बायला?" मी म्हटलं, "पट्टा तुटला आजी, शिवते." तिने आपला प्रसाद बाईंच्या डाव्या हातावर ठेवायचा प्रयत्न केला. बाई म्हणाल्या, "नंतर घेते, आजी," आणि तो आवाज इतका साधा होता की म्हातारी पुढे गेली. माझी रापी तेव्हा एका टाक्यात अडकून थांबली होती. हात घामाने ओला, पकड सुटत होती. मी हात लुगड्याला पुसला आणि पुन्हा धरली.

शेवटचा टाका कापला आणि चामडं उघडलं. अस्तराची जीभ चापाच्या कडीत दुहेरी होऊन बसली होती. आरीच्या टोकाने मी ती बाजूने उचलली आणि हळूहळू बाहेर घेतली. चाप जागेवर गेला. बाईंनी डाव्या हाताने घोडा मागे धरला, अंगठा सोडवला आणि घोडा सावकाश खाली बसवला. मग रिव्हॉल्व्हर उघडून सहाही गोळ्या काढून खिशात टाकल्या. त्यानंतर आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी अंगठ्याला रुमाल गुंडाळला, रिकामं रिव्हॉल्व्हर हातात धरलं आणि भांडणाकडे गेल्या. पालखी वेळेवर निघाली.

म्हातारी फसली तरी सगळे फसले नव्हते. संध्याकाळपर्यंत रोह्यात आणि दोन दिवसांत पेणात गोष्ट पोचली, ती अशी: फौजदारीणबाईला पिस्तूल खोचता येईना, स्वतःचाच अंगठा चेमटून घेतला, चांभारणीने सोडवलं. पानाच्या गादीवर लोक अंगठा तोंडात धरून नक्कल करायचे. बाईच्या हातात हत्यार दिल्यावर दुसरं काय होणार, असं शहाणी माणसं आमच्या दुकानात बसून बोलली. मी चपला शिवत होते.

आठवड्याने वरच्या कार्यालयातले एक साहेब कापलेलं होल्स्टर कागदात गुंडाळून दुकानात आले. माझ्यासमोर ठेवलं.

"देसलेबाई म्हणतात, बाजारातून करून घेतलं, कुठून ते सांगत नाहीत. हे काम तुमचं?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोलणं माझं होतं. मी ते हातात घेतलं. पाचर माझी, वादी माझी, कडेला उरलेली दोऱ्याची टोकं माझी. साहेबांनी पुन्हा विचारलं. बाईंनी मला झाकलंच आहे तर आपण कशाला उघडं पडा, एवढा विचार करायला मला फार वेळ लागला नाही.

"नाय साहेब," मी म्हटलं. "हे टाके माझे नाय."

बाईंच्या सेवापुस्तकात शेरा पडला, हत्यार हाताळण्यात निष्काळजीपणा. रिव्हॉल्व्हर काढून घेतलं आणि त्यांना वर्षभर टेबलावर बसवलं. ज्या बाईने स्वतःचा अंगठा घालून यात्रेतली माणसं वाचवली, तिच्यावर निष्काळजीपणाचा शेरा. माझ्यावर काहीही नाही. पोलिसांची कामं दुकानात येत राहिली. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटत असूनही मी कामं घेत होते.

वर्षाने देसलेबाई दुकानात आल्या. कमरेला रिव्हॉल्व्हर परत मिळालं होतं. हातात नवं कोरं होल्स्टर आणि बदल करायच्या परवानगीचा कागद, सहीशिक्क्यासकट. अंगठ्याच्या नखाच्या मुळाशी वण होता आणि नख वाकडं वाढलं होतं. "माप घ्या," त्या म्हणाल्या. मी टेप लावला. मला बोलायचं होतं, तोंडातून एवढंच निघालं, "साहेब आले होते, तेव्हा मी..."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "अस्तर नको. पाचर द्या."

चार दिवस लावून मी ते काम केलं. त्या न्यायला आल्या, बोट घालून आतून सगळीकडे फिरवून पाहिलं आणि होल्स्टर माझ्या पुढ्यात परत ठेवलं.

"यावर नाव टाका."

"कुणाचं?"

"तुमचं. बाहेरच्या बाजूला. दिसेल असं."

आमच्यात कामावर नाव टाकायची रीत नाही. अक्षरांचे ठसे ह्यांच्या पेटीत होते, बॅगांसाठीचे. मी चामडं ओलं केलं आणि एकेक अक्षर हातोडीने ठोकलं: इंदुबाई, पेण. बाई पूर्ण वेळ उभ्या होत्या. मग त्यांनी ते पट्ट्यात अडकवलं, अंगठा घोड्यावर ठेवून रिव्हॉल्व्हर सावकाश आत सोडलं आणि माझं नाव कमरेला लावून बाजारातून चालत गेल्या. भाजीवाल्या बघत होत्या.

आता कोणी साहेब आला असता तर मला नाही म्हणता आलं नसतं. पण तो शेरा बाईंच्या निवृत्तीपर्यंत तसाच राहिला आणि त्याबद्दल मला पुन्हा कधी कोणी विचारलं नाही. म्हणून हे न विचारता लिहिलं.